सात घोड्यांची मोटर आणि मागची खोली

मार्गशीर्षातली थंडी मला आधी नाकाला कळते. सकाळी दार उघडलं की कापसाच्या गाड्यांनी उडवलेली धूळ, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातून येणारा तेलकट वास, शेजारी मिठाच्या पाण्यात उकडत ठेवलेल्या तुरीच्या शेंगा, असं सगळं एकदम आत येतं. त्यात आमच्या घरचा एक वास मिसळतो, तो नंदुरबारात दुसऱ्या कुणाच्या घरी नाही. फोटो धुण्याच्या हायपोचा. लग्न होऊन आले तेव्हा त्या वासाने मला मळमळायचं. आता तो नसला तर घरात कुणी नाही असं वाटतं.

यंदा लढाईमुळे पेट्रोल चिठ्ठीवर मिळतं आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला ती चिठ्ठीही येत नाही. आमची छोटी मोटर दोन वर्षं अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी आहे. शेजारच्या कोंबडीने तिच्या मागच्या गादीवर अंडी घातली, तेव्हा ह्यांनी तीन दिवस तिला हुसकू दिलं नाही. आज मी तिच्या टपावरची पानं झाडत होते आणि रस्त्यावरून टापा ऐकू आल्या. सारंगखेड्याच्या जत्रेला निघालेले घोडे. पांढरे, अबलख, एक अगदी चॉकलेटी. झाडू हातात धरून मी कितीतरी वेळ फाटकाशी उभी राहिले. दहा वर्षं तरी होऊन गेली असतील त्या हंगामाला, पण थंडी तीच, धूळ तीच.

त्या साली आम्ही ह्या मोटरला एक खोली जोडली होती.

मोटर ह्यांनी बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. आकाराने एवढीशी. पुढे दोन माणसं बसत, मागे बसवायचं म्हटलं तर माणसाने पाय घरी ठेवून यावं. ताकद सात घोड्यांची, असं तिच्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि हे ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवत. माझं माहेर नाशिकचं, वडील शाळामास्तर; त्यामुळे हे माझ्याशी जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. अहिराणी सुरू झाली की समजावं, राग आला आहे किंवा फार आनंद झाला आहे.

फोटोचा धंदा गावात चालत नव्हता. वर्षातून चार लग्नं, दोन मुंजी. खरी माणसं भेटत ती सारंगखेड्याच्या जत्रेत. पण आदल्या वर्षी हे तिथे बैलगाडीने गेले, तेव्हा फोटो काचेवर निघत, त्या काचा भरभरून फोटो काढले आणि धुवायला नंदुरबारला घेऊन आले. वाटेतल्या धक्क्यांनी निम्म्या काचा फुटल्या. उरलेल्यांचे फोटो सुंदर आले, पण ज्यांचे होते ते घोडेवाले कधीच आपापल्या मुलखाला निघून गेले होते. ते फोटो आजही आमच्याकडे आहेत. अनोळखी माणसं अनोळखी घोड्यांचे लगाम धरून उभी आहेत.

ह्यांचे थोरले भाऊ शांतपणे म्हणाले, “हाऊ एक हंगाम दख. जमनं ते जमनं. नही ते कॅमेरा माळ्यावर ठेव नि मन्हा दुकानवर बस.” त्यांचं धान्याचं दुकान होतं. ह्यांनी होकाराची मान हलवली. पोत्यांच्या मधे बसलेले हे माझ्या डोळ्यांपुढे येईनात.

धुण्याची खोलीच जत्रेला न्यायची, ही कल्पना नेमकी कुणाची यावर आमचं आजही एकमत नाही. मी म्हणते माझी. कारण काचा धुण्याचं काम तोवर मीच करत होते, आणि तंबूत धूळ उडते, तिथे काच स्वच्छ निघणार नाही, हे मीच म्हटलं होतं. चाकांवरची एक बंद खोली, आत लाल कंदील, पाण्याची टाकी, झोपायला फळी. मोटरने ओढत न्यायची.

भिका मिस्तरी हा आमच्या भागातला बैलगाड्या करणारा नावाजलेला सुतार. त्याला खोली म्हटल्यावर त्याने खोलीच केली. सातपुड्याचं अस्सल सागवान, कोरीव चौकट, दाराला पितळी कडी. “नातू वापरतीन,” तो म्हणाला. आम्ही दोघं भारावून बघत राहिलो. ती हलवायला सहा माणसं लागली, तेव्हासुद्धा आमच्या डोक्यात काही आलं नाही.

आता आठवलं की हसू येतं. सोयरीक जुळवताना माणसं गोत्र बघतात, गुण बघतात, आणि आम्ही ओढणारा केवढा नि ओढायचं केवढं, एवढंही बघितलं नव्हतं.

जत्रेला महिना असताना ती सामान भरून, ओढून बघायला निघालो. गावाबाहेर एक नाला आहे, त्याच्या उतारापर्यंत सपाट रस्त्यावर मोटर कण्हत, धूर सोडत कशीबशी गेली. उताराला लागलो आणि मागून कुणी ढकलावं तसं झालं. हे ब्रेक दाबत होते, मोटर ऐकत नव्हती. खोली आधी डावीकडे झुलली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, प्रत्येक वेळी जास्त. मोटरचं मागचं अंग हलकं होऊन उचलल्यासारखं वाटलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आम्ही रस्त्याला आडवे होऊन बांधापलीकडच्या तुरीत शिरलो होतो आणि काचेवर शेंगा टेकल्या होत्या.

पहिला आवाज ऐकू आला तो हसण्याचा. कापसाची गाडी घेऊन जिनाकडे निघालेला एक म्हातारा शेतकरी बैल थांबवून खाली उतरला होता. पांढरं पागोटं, पांढऱ्या मिशा.

“काय हो, मोटर तूर खावाले उतरनी का?” आणि लगेच आवाज बदलून, “लागनं ते नही ना कोनले?”

हे लोटनबाबा. तापीकाठचे गुजर शेतकरी, सारंगखेड्याच्या जवळच त्यांचं गाव. त्यांनी आपले बैल सोडून आमच्या खोलीला जुंपले आणि ती रस्त्यावर काढली. मग निघून न जाता तिच्याभोवती फिरायला लागले. दार उघडून आत डोकावले. पाण्याची भरलेली टाकी, काचांची पेटी, सगळं आम्ही मागच्या भिंतीला लावलं होतं, कारण दार मागे होतं आणि हाताशी बरं पडत होतं. त्यांनी मोटरला जोडायची पुढची दांडी एका बोटाने वर उचलली. दांडी उचलली गेली! खोली मागच्या मागे कलली.

“भाऊ, हाई गाडी उलाळ शे,” ते म्हणाले. “सगळं ओझं मांगे. बैल जुपेल ऱ्हाता ते त्यासले फाशी बसती. तुन्ही मोटर बिचारी बोलत नही, एवढंच.”

ह्यांचं तोंड उतरलं होतं. “मग सगळं पुढे ठेवू?”

“सगळं पुढे ठेवशी ते मान मोडी तिन्ही. ओझं आसवर पाहिजे. मानवर थोडंसं. बैलले कळाले पाहिजे का मांगे गाडी शे, बस.” मग मोटरच्या टपावर हात ठेवून ते म्हणाले, “आनि बैल उतारवर पाय रोवस. हाई काय रोवी? मांगलं ओझं हिन्हापेक्षा कमीच पाहिजे.”

मी वडिलांकडून तरफेचा नियम पाठ केलेली मुलगी. टेकू, बल, भार, सगळं फळ्यावर काढून दाखवलं असतं. पण बैलाला कळलं पाहिजे की मागे गाडी आहे, इतक्या थोडक्यात तो मला कुणी सांगितला नव्हता.

लोटनबाबांची घोडी त्या साली जत्रेत विकायची होती. “या,” ते जाताना म्हणाले. “मन्ही चांदणीना फोटो काढा. इकाना पहिले.” विकण्याआधी, हे शब्द त्यांनी बैलांकडे बघत उच्चारले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटर आणि खोली दोन्ही एका जिनात नेली. तिथे गाड्या तोलायचा मोठा काटा होता. मोटर भरली जेमतेम दहा मण. खोली अठरा. जिनातली सगळी माणसं काम सोडून बघायला आली होती आणि आकडा ऐकून एकाने तर मोटरला नमस्कार केला.

भिका मिस्तरीला हे सांगणं सगळ्यात कठीण काम. ह्यांची हिंमत होईना, म्हणून मी गेले. ऐकता ऐकता तो रंधा पुसत बसला. शेवटी म्हणाला, “मंग काय, टोपली करू का?”

“टोपलीच करा, मिस्तरी,” मी म्हटलं. “पण तुमच्या हातची.”

आणि त्याने केली. सागवान फक्त खालच्या चौकटीला ठेवलं. भिंतींना बांबूचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं जाड कापड, त्याला जवसाच्या तेलाचे तीन हात. प्रकाश आत येऊ नये म्हणून आतून काळ्या कापडाचं दुसरं अस्तर, ते मी शिवलं. अंगणात उन्हात वाळत असलेल्या त्या भिंतींचा तेलाचा वास, सुईने सोललेली माझी बोटं, आणि मधे मधे येऊन “आते किती व्हयनं?” असं विचारणारे हे. मला वाटतं आमच्या संसारातला सगळ्यात सुखाचा पंधरवडा तोच. कुणी कुणाला उपदेश करत नव्हतं. जे जड ते काढायचं, एवढीच बोली.

टाकी रिकामी न्यायची, पाणी नदीवर भरायचं. काचांची पेटी बरोबर आसाच्या वर. पितळी कडी गेली, सुतळीची दोरी आली. भिकाने स्वतःच्या डोक्याने चाकांवर दाबणारे दोन लाकडी ठोकळे बसवले. आतून दोरी ओढली की चाकं आवळली जात. मोटरच्या सांध्याला खिळ्याशिवाय एक साखळीही लावली, खिळा निसटला तरी खोली रस्ता सोडून पळू नये म्हणून. मग पुन्हा काटा. सहा मण. भिकाने दांडी एका हाताने उचलून पाहिली. उचलली गेली, पण त्याला दम धरावा लागला. “आते शे मानवर,” तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

निघालो ते सकाळच्या धुक्यात. एक मुक्काम दोंडाईच्याला, मग तापी. दोन्ही बाजूंना वेचणीचा कापूस आणि बायकांच्या ओटीत फुगलेले पांढरे ढीग. त्या हात थांबवून आमच्याकडे बघत आणि मी त्यांच्याकडे. उतार आला की हे भोंगा वाजवत; मी खोलीत बसून दोरी ओढायची. खिडकी नव्हती. अंधारात नुसता भोंगा ऐकायचा, दोरी ताणायची आणि चाकांची कुरकुर पायाखाली समजून घ्यायची. एकदा हे गाईसाठी भोंगा वाजवत होते आणि मी सपाट रस्त्यावर चाकं आवळून बसले. मोटर जागच्या जागी गुरगुरायला लागली. त्यानंतर दोन भोंगे म्हणजे उतार, एक म्हणजे गाय, असं ठरलं.

आमच्या वाटेवर तापीला पूल नव्हता. दोन नावा बांधून वर फळ्या टाकलेल्या, त्यावरून आधी मोटर गेली, मग खोली. पलीकडच्या काठावर लोटनबाबा बैल घेऊन उभेच होते.

जत्रा म्हणजे पहिल्यांदा आवाज. हजार घोडे एकाच वेळी फुरफुरतात तेव्हा जमिनीतून काहीतरी चालल्यासारखं वाटतं. लगामांचे घुंगरू, शेव तळण्याचा चरचराट, वांग्याच्या भरताचा धूर. आमच्याभोवती पहिल्याच तासात गर्दी. ह्यांनी एका परमुलखातल्या व्यापाऱ्याला ते वाक्य ऐकवलं, सात घोड्यांची ताकद. त्याने गंभीरपणे मोटरला एक फेरी मारली आणि म्हणाला, “सात घोडे? तो दांत दिखाओ.” ह्यांनी पुढचं झाकण उघडून दाखवलं. त्याने आत वाकून, बोट फिरवून, वय ठरवल्यासारखी मान डोलावली. लोक हसून हसून बेजार.

चांदणीचा फोटो पहिला. दुपारच्या आत हातात पडलेला फोटो बघायला मग घोडेवाल्यांची रांग लागली. हे काढत होते, मी आत लाल उजेडात धूत होते. औषधाच्या थाळीत काच हलवताना घोड्याचे कान आधी दिसत, मग मान, मग धरणारा माणूस.

तिसऱ्या दिवशी लोटनबाबा त्यांच्या बायकोला, चंपाबाईंना घेऊन आले. बाबांना त्यांचा फोटो हवा होता. चंपाबाईंचा पदर कपाळाच्या खाली.

“माले नही बसनं,” त्या मला कुजबुजल्या. “परका मानूससमोर तोंड उघडं करीसन? नही.”

हे तिथून दहा पावलांवर उभे, पण त्यांना ऐकू गेलं असावं. चंपाबाईंनी पदराआडून माझ्याकडे नीट बघितलं.

“तू काढस का? तू काढ. मंग बसस मी.”

फोटो निघावा म्हणून दाबायचा तो कॅमेऱ्याचा रबरी फुगा मी तोवर एकदाही दाबलेला नव्हता. घरात तसा नियम नव्हता, पण तसं चालत आलं होतं. ते काढायचे, मी धुवायची. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी काळं कापड घडी करून माझ्या हातात दिलं, भरलेली काच हाताशी ठेवली आणि म्हणाले, “उजेड डावीकडून घे.” मग लोटनबाबांना घेऊन घोड्यांच्या बाजाराकडे चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही. ते किती अवघड गेलं असेल त्यांना, हे मला फार पुढे कळलं.

कापडाखाली जग उलटं दिसतं. उलट्या चंपाबाई, खाली आभाळ. त्यांनी पदर मागे सारला, नथ नीट केली आणि कॅमेऱ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच दचकले. मी काच सरकवली आणि फुगा दाबला.

दुपारी उन्हात छापलेला कागद मी त्यांच्या हातात दिला. त्या बघत राहिल्या.

“हाई कोन शे?”

“तुम्हीच ना.”

“नही,” त्या हळूच म्हणाल्या. “हाई ते मन्ही माय शे.” त्यांच्या घरात आरसा होता तो तळहाताएवढा. आपला सबंध चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत एका वेळी, त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी बोट ठेवलं, “पन नथ मन्ही शे,” आणि अशा खळखळून हसल्या की शेजारचं शिंगरू बिचकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खोलीसमोर बायकाच बायका. सासू-सुना, जावा, बहिणीबहिणी. काचा संपल्या तेव्हाही काही बसून होत्या. दोन दिवस हे मला काचा भरून देत होते आणि आत जाऊन धूत होते. बाहेर येताना त्यांचे हात हायपोने सुरकुतलेले असत, माझे असायचे तसे. थोरल्या भाऊजींच्या दुकानाचं नाव त्यानंतर आमच्या घरात निघालं नाही.

एक सांगायचं राहिलं. चांदणी विकली गेली नाही. लोटनबाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी तिचा फोटो दाखवत आणि दाखवता दाखवता स्वतःच बघत बसत. शेवटी चंपाबाई म्हणाल्या, तिला घरी घेऊन चला.

परत निघालो तेव्हा खोली जड झाली होती. बायकांनी काय काय दिलं! वांगी, गूळ, केळीचा लोंगर, दोन भोपळे, शेवयांचं गाठोडं. नाही म्हणायची सोय नव्हती. मी टाकी रिकामी केली, भोपळे आसावर ठेवले, गूळ जरा पुढे, आणि दांडी उचलून बघितली.

लोटनबाबांचे बैल त्या दिवशी ऊस वाहायला गेले होते, म्हणून नावेतून ते एकटेच आमच्याबरोबर अलीकडे आले. काठाचा चढ रेताड. ह्यांनी एकदा जोर लावला, चाकं रुतली. मागे आणली, पुन्हा लावला, पुन्हा रुतली. लोटनबाबांनी खोली बघितली, मोटर बघितली, मग आत बसलेल्या ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. हे अंगाने चांगले भरलेले.

“फोटूभाऊ, तुम्हीन उतरा. बाईले बसू द्या. ती हलकी शे.”

“ती? वाळूत?”

मला मोटर येत होती. म्हणजे सुट्टीच्या दिवशी जिनाच्या मोकळ्या आवारात ह्यांनी मला गोल गोल फिरवून शिकवलं होतं. सरळ रस्त्यावर मी ती कधी नेलीच नव्हती. हे उतरले. मी उजव्या बाजूला सरकले.

लोटनबाबा खिडकीशी वाकले. “एकच सांगस, पोरी. थांबू नको. थांबनी ते रुतनी.”

मी थांबले नाही. दोघांनी मागून खांदा लावला, वाळू उडाली, मोटर कण्हली, आणि मग हळूहळू, इतकी हळू की मला काठावरच्या बाभळीचं पान न् पान दिसत होतं, ती चढायला लागली. मागे खोली झुलत नव्हती. मानेवर हात ठेवल्यासारखी ती नुसती होती. वर आले. पण वरही वाळूच. मी थांबले नाही. पुढे चाकोरीतही वाळू. आरशात मागच्या खोलीशिवाय काही दिसेना. पक्का रस्ता लागला तेव्हा कुठे पाय उचलला. नदी दिसतही नव्हती.

बसून राहिले. उशिराने धुळीतून हे आले. टोपी हातात, सदरा घामाने चिकटलेला, श्वास लागलेला. आता अहिराणी सुरू होणार म्हणून मी उजवीकडची जागा त्यांना करून द्यायला डावीकडे सरकू लागले. त्यांनी आधी सांध्याचा खिळा हलवून पाहिला. साखळी पाहिली. मग मोटरला वळसा घालून डावीकडचं दार उघडलं, माझ्या शेजारी बसले आणि टोपीने वारा घेत म्हणाले,

“चाल. पन दोंडाईचाले तरी थांबजो.”